मुक्या जिवाला घरात घेण्यापूर्वी

नांदुरा तालुक्यातील वडनेर भोलजी हे मुंबई-कोलकाता महामार्गावरचे गाव. अशा रस्त्याकाठच्या गावात दुकानाच्या पायरीआड किंवा बारदानाच्या ढिगामागे कुत्री विते. महिनाभरात पिल्ले दुडुदुडु धावू लागतात आणि मालवाहू गाड्यांच्या चाकांपर्यंत पोहोचतात. शाळेतून परतणारे एखादे मूल मग त्यांतले एक उचलून घरी आणते आणि आजी दुधाची वाटी पुढे करते. तेथपर्यंत सगळे घर आनंदात असते. प्रश्न दुसऱ्या दिवशी उभे राहतात. ते झोपणार कोठे, खाणार काय, आजारी पडले तर न्यायचे कोणाकडे, आणि घरची मंडळी आठ दिवस शिखरजीला गेली तर त्याला पाणी कोण देणार? ही उत्तरे पिल्लू उंबरठा ओलांडण्यापूर्वी तयार हवीत. आधी तरतूद आणि मग जबाबदारी, हा क्रम व्यापारी घराला नवा नाही.

मुंबईत १८३२ मध्ये भटक्या कुत्र्यांना ठार मारण्याच्या सरकारी मोहिमेविरुद्ध दंगल झाली. पुढाकार पारशी समाजाचा होता, तरी इतर व्यापारीही त्यात उतरले. या प्रकरणाची पुढची पायरी अधिक महत्त्वाची आहे. १८३४ मध्ये सर जमशेटजी जीजीभाई आणि जैन समाजातील शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, यांनी मुंबई पांजरापोळ स्थापन केली. मुक्या प्राण्यांसाठी जागा, चारापाणी आणि कायमचे उत्पन्न यांची सोय त्यांनी लावून दिली. घरातील एका पिल्लासाठीही हेच लहान प्रमाणावर करावे लागते.

कुत्रे पाळणे श्रावकाला चालते का, अशी शंका काही ज्येष्ठ मंडळी घेतात. ती निराधार नाही. पंधरा कर्मादानांत ‘असतीपोषण’ येते आणि हेमचंद्राचार्यांच्या योगशास्त्रात त्याखाली कुत्र्याचाही उल्लेख आहे. मात्र तेथे रोख आहे तो धनासाठी पोसण्यावर. जातिवंत पिल्लांच्या पैदाशीचा धंदा आणि रस्त्यावरच्या अनाथ पिल्लाला दिलेला आसरा एकाच मापाने मोजता येत नाहीत. म्हणून पिल्लू विकत न घेता आसऱ्याला घ्यावे, हेच आपल्या घराला शोभते. त्यानंतर लक्षात ठेवायचे ते अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार: बांधणे, मारणे, अवयव छेदणे, अति भार लादणे आणि अन्नपाणी रोखणे. खरेदीची यादी करताना ते डोळ्यांपुढे असले, तर निम्म्या चुका टळतात.

बांधणे घ्या. गोदामाच्या राखणीसाठी लोखंडी साखळीला जन्मभर जखडलेले कुत्रे अनेक ठिकाणी दिसते. ती राखण नव्हे, कैद आहे. आणायचा तो मऊ कापडी गळपट्टा आणि फिरवण्यापुरती दोरी. चामड्याचा पट्टा नको. पिल्लाला चघळण्यासाठी म्हणून दुकानात जे पांढरे ‘हाड’ मिळते, ते बहुधा जनावराच्या कातड्याचे असते. त्याऐवजी जाड सुती दोराच्या गाठी द्याव्यात. शेपूट किंवा कान कापून ‘रुबाब’ आणणे हा तर उघड छेदच.

आता अन्न. येथे भावनेपेक्षा हिशेब अधिक उपयोगी पडतो. कुत्रा लांडग्यासारखा निव्वळ मांसावर जगणारा राहिलेला नाही. माणसाच्या सहवासात त्याला पिष्टमय अन्न पचवण्याची क्षमता आली, असे स्वीडनमधील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात दाखवून दिले. त्यामुळे शाकाहारावर कुत्रा वाढवता येतो. मांजराची गोष्ट वेगळी. पण शाकाहार म्हणजे दूध-पोळी नव्हे. वाढत्या पिल्लाच्या कोरड्या आहारात सुमारे २२.५ टक्के आणि पूर्ण वाढलेल्या कुत्र्याच्या आहारात किमान १८ टक्के प्रथिने हवीत, असे अमेरिकेतील पशुखाद्य अधिकाऱ्यांच्या संघटनेचे प्रमाण आहे. गव्हाच्या पिठात ती सुमारे १२ टक्के असतात, तांदळात सुमारे ७. नुसत्या दूध-पोळीवर वाढलेल्या पिल्लाची हाडे वाकतात, आणि घरच्यांना वाटते की आपण लाड केले. दुधाने अनेकांचे पोटही बिघडते. नीट शिजवलेली मुगाची डाळ, पनीर, दही आणि सोयाबीन यांची जोड द्यावी. सोयाबीन तर जिल्ह्याचेच पीक आहे. चुना आणि जीवनसत्त्वे किती द्यायची ते पशुवैद्याला विचारून ठरवावे. तयार शाकाहारी खाद्य मिळते, पण पिशवीवरील घटकांची यादी अखेरच्या ओळीपर्यंत वाचावी. इतके करूनही प्रकृतीला तो आहार मानवला नाही, तर काय करायचे? त्याचे उत्तर घरातील वडीलधाऱ्यांनी आधी एकत्र बसून ठरवावे. ते ठरत नसेल तर पिल्लू घरात न घेता दारच्या कुत्र्यांच्या लसीकरणाचा आणि नसबंदीचा खर्च उचलावा. तीही जीवदयाच आहे.

लहान पिल्लाला दिवसातून तीन-चार वेळा आणि मोठ्याला दोन वेळा खाणे लागते. ते सूर्योदय ते सूर्यास्त या वेळेत सहज बसते. पाण्याचे मात्र तसे नाही. चौविहाराचे पच्चक्खाण माणसाने स्वतःसाठी घेतलेले असते. कुत्र्याच्या भांड्यात रात्रीही गाळलेले पाणी असलेच पाहिजे.

कांदा-लसणाने कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट होतात. ज्या घरात ते शिजतच नाहीत, तेथे हा धोका आपोआप टळतो. पण सुकामेव्याच्या डब्यातील मनुका, द्राक्षे आणि मुलांचे चॉकलेट हेही त्याला विषच. माणसाची तापाची वा वेदनेची गोळी कधीही देऊ नये. व्यापाऱ्याच्या वाड्यात याहून मोठा धोका गोदामात असतो. सरकी आणि कच्ची सरकी पेंड यांतील गॉसिपॉल कुत्र्याच्या हृदयाला घातक ठरते. धान्यात ठेवल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांवर तर उतारा नाही. जैन गोदामात त्या नसाव्यात, असे म्हणणे सोपे आहे. प्रत्यक्षात त्या असतात. पिल्लू आणण्यापूर्वी गोदामाचे दार त्याच्यासाठी कायमचे बंद होईल, अशी फळी बसवून घ्यावी. रस्त्याकडच्या फाटकाखालची फटही त्याच दिवशी बुजवावी.

बिछान्यासाठी जुनी गोधडी पुरते; दोन हव्यात, एक धुण्यात असताना दुसरी. वऱ्हाडातील उन्हाळ्यात पत्र्याची शेड ही भट्टीच होते. सावलीची फरशी, ओले बारदान आणि पाण्याचे पसरट मातीचे भांडे हवे. दुपारी डांबरी रस्त्यावर फिरवणे टाळावे.

लसीची चौकशीही आधीच करावी. गावाकडचे पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गुराढोरांसाठी असतात. पार्व्हो आणि डिस्टेंपरची लस कोठे मिळते, नांदुऱ्याला, मलकापूरला की खामगावला, हे फोन करून विचारून ठेवावे. सहा ते आठ आठवड्यांना पहिली मात्रा, मग सोळा आठवड्यांपर्यंत तीन-चार आठवड्यांनी पुढच्या, आणि बारा आठवड्यांनंतर रेबीजची. चावा किंवा ओरखडा झाल्यास जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुऊन लगेच रुग्णालय गाठावे. पिल्लू घरचे असले तरीही.

गोचिडांचा प्रश्न अवघड आहे. गोचीड मारणे हिंसा, आणि न काढणे म्हणजे कुत्र्याला गोचीडतापाच्या हवाली करणे. गोधड्या उन्हात टाकणे, भिंतींच्या भेगा लिंपणे आणि रोज अंग विंचरणे यांमुळे त्या फार वाढत नाहीत. वाढल्याच, तर औषध द्यावेच लागते. हे मान्य नसेल, तर आरंभीच थांबणे प्रामाणिकपणाचे ठरेल.

पिल्लू आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपाशीच राहू द्यावे. तोपर्यंत तिला खाऊ घालावे. घरी आणायचे ते सकाळी, म्हणजे रात्र होईपर्यंत त्याला घराची सवय होते. ज्या बारदानावर ते आईजवळ झोपत होते, त्याचा एक तुकडा सोबत आणून गोधडीखाली ठेवावा. पहिल्या रात्री ते त्याचाच वास घेत झोपते.