हिंगोलीतला समुद्र

आमच्या हिंगोलीपासून समुद्र चारशे किलोमीटरहून दूर. पाणी म्हटले की आम्हाला आठवते ती कयाधू. तीही उन्हाळ्यात नावापुरतीच! अशा गावात माझ्या भाच्याने गेल्या वर्षी चक्क समुद्र घरी आणला.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर १९५१ साली उघडलेले तारापोरवाला मत्स्यालय त्याने लहानपणी पाहिले होते. तेव्हापासूनचे हे वेड. ताईच्या दिवाणखान्यात चार फुटी काचेची टाकी आली. नुसते मीठ ढवळून समुद्र होत नाही, हे मला तेव्हा कळले. लिटरमागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार हवेत, तेही स्वयंपाकघरातले नव्हेत. माशांच्या मलमूत्रातून अमोनिया निघतो. तो पचवणारे जिवाणू टाकीत रुजेपर्यंत महिनाभर माशांचे नावही काढायचे नाही!

अखेर नारिंगी अंगावर पांढरे पट्टे ल्यालेल्या माशांची जोडी आली, आणि सोबत एक समुद्रपुष्प. नाव पुष्पाचे, पण तो प्राणीच. त्याच्या झुलत्या बोटांत माशांनी बिऱ्हाड थाटले. दिवेलागणीला ताई टाकीपुढे पाट मांडून बसू लागली.

मे महिना आला आणि वीज रुसली. पाणी गार ठेवणारे यंत्र तासन्‌तास बंद. भाचा रात्र रात्र जागून बर्फाच्या बाटल्या पाण्यात सोडी. तरी पाणी बत्तीस अंशांवर गेलेच. आठवडाभरात तपकिरी समुद्रपुष्प पांढरेफटक पडले. मासे कसेबसे वाचले. ते मात्र गेले.

"मामा, पोवळ्यांचेही असेच होते," भाचा म्हणाला.

आपण पोवळे ओळखतो ते अंगठीतले, तांबडे. समुद्रात खडक बांधणारी पोवळी निराळी; समुद्रपुष्पाची सख्खी भावंडेच म्हणा ना. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ राहते. ते यांना अन्न देते, रंग देते. हे त्याला आसरा देतात. पाणी नेहमीच्या उन्हाळ्याहून अंशभर जरी अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, तरी हा संसार मोडतो. शेवाळ जाते, पोवळे पांढरे पडते. १९९८ साली जगभरच्या समुद्रांत हे घडले, आणि पुढेही पुन्हा पुन्हा घडत राहिले.

दिवाळीच्या सुटीत आम्ही मालवण गाठले. शिवरायांच्या सिंधुदुर्गाभोवतीचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. डोळ्यांना मुखवटा लावून पाण्यात तोंड घातले आणि किल्ल्याच्या पायथ्याशी दुसरीच वस्ती दिसली! तपकिरी, हिरवट पोवळी, त्यांच्या कपारींतून धावणारे मासे. मधेच काही फांद्या पांढऱ्या. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनीही येथे पोवळी पांढरी पडल्याच्या नोंदी केल्या आहेत.

पण पांढरे पडले म्हणजे मेलेच असे नव्हे. पाणी वेळेवर निवले तर शेवाळ परत येते, पोवळे सावरते. आजाऱ्याला जसा आराम हवा, तसा त्यालाही हवा. नेमक्या त्याच वेळी होड्यांचे नांगर पडतात, पर्यटकांचे पाय पडतात, गढूळ पाणी वर येऊन बसते. समुद्राला बर्फाच्या बाटल्या पुरणार नाहीत. पण नांगर पोवळ्यांपासून दूर टाकणे आणि पाय आवरणे आपल्या हाती आहे.

परतताना किनाऱ्यावर पोवळ्याची एक सुकलेली फांदी सापडली. मेजावर छान दिसेल म्हणून मी ती खिशात घातली.

"मामा, ठेवा ती खाली," भाचा म्हणाला. "२००१ पासून खडक बांधणाऱ्या पोवळ्यांना कायद्याने वाघाच्या पंगतीला बसवले आहे."

वर्गात मुलांना शिस्त लावणारा मी, निमूटपणे वाळूत वाकलो!

ताईच्या घरची टाकी आता गोड्या पाण्याची आहे. भाचा म्हणतो, समुद्र जिथला तिथेच बरा. ताई मात्र अजून रोज दिवेलागणीला तिथे पाट मांडते.