तात्पुरत्या उभारणीच्या नीच कंप्रता रेडिओ मार्गनिर्देशन यंत्रणा : नाशिक परिसराच्या भूरचनेच्या संदर्भात

नाशिकजवळ गांधीनगर येथे २००३ पासून भूसेनेच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचे प्रशिक्षण चालते. त्र्यंबक-इगतपुरीसारख्या डोंगराळ भागात दरीतून कमी उंचीवर उडताना अतिउच्च कंप्रतेचे रेडिओ संकेत मिळेनासे होतात, कारण ते जवळजवळ सरळ रेषेत जातात आणि डोंगराने अडतात. १०० किलोहर्ट्झ तरंगाची लांबी मात्र ३ किलोमीटर, म्हणजे कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या जवळपास दुप्पट असते. असा तरंग भूपृष्ठाला बिलगून डोंगरापलीकडेही पोहोचतो.

याच कंप्रतेवरील लोरान-सी पद्धतीची मुंबई साखळी प्रत्यक्षात गुजरातेत, ध्रांगध्रा, वेरावळ व बिलिमोरा येथे, जहाजांसाठी उभारण्यात आली होती. पैकी बिलिमोरा नाशिकपासून हवाई अंतराने सुमारे १२० किलोमीटरवर आहे. दोन केंद्रांचे स्पंद पोहोचण्यातील कालांतर जेथे समान असते, असे सर्व बिंदू एका अपास्तावर येतात. दोन केंद्रजोड्यांचे अपास्त जेथे छेदतात, ते ग्राहकाचे स्थान होय. केंद्रांना जोडणाऱ्या रेषेवर एका मायक्रोसेकंदाची चूक १५० मीटरची ठरते, इतरत्र त्याहून मोठी.

सैन्य पुढे सरकते, कायम केंद्रे सरकत नाहीत. म्हणून अमेरिकन हवाई दलाने १९६० च्या दशकात वाहून नेता येणारी लोरान-डी यंत्रणा विकसित करविली. खरी अडचण अँटेनाची होती. चतुर्थांश तरंगलांबीचा मनोरा ७५० मीटरचा होईल. प्रत्यक्षात सुमारे १२० मीटरचा उभारला जाई. इतक्या आखूड अँटेनातून ऊर्जेचा अल्पांशच प्रक्षेपित होतो. त्यावर उपाय म्हणून एका गटात ८ ऐवजी १६ स्पंद पाठविण्यात आले व केंद्रांमधील अंतर कमी ठेवण्यात आले. मनोऱ्याभोवती जमिनीवर पसरावयाच्या तारांचे जाळेही तितकेच आवश्यक असते. या दृष्टीने त्र्यंबकच्या उघड्या कातळापेक्षा निफाडची ओलावा धरणारी काळी जमीन अधिक सोयीची ठरावी.

अमेरिकेने २०१० मध्ये स्वतःची लोरान-सी सेवा बंद केली. तरीही हा विषय कालबाह्य म्हणता येत नाही; उपग्रहांचे संकेत जमिनीवर अत्यंत क्षीण होऊन पोहोचतात आणि लहानशा प्रक्षेपकानेही झाकले जातात.

परंतु घाईने उभारलेल्या साखळीची मर्यादा वेगळीच आहे. कोरड्या खडकावरून जाताना तरंगास किंचित विलंब होतो, सागरावरून जाताना तो बराच कमी असतो. हा विलंब ज्ञात स्थानी जाऊन मोजल्याखेरीज नकाशावरील स्थान अचूक मिळत नाही, आणि मोजणीस लागणारा वेळ युद्धभूमीवर क्वचितच हाती असतो. मात्र एकदा ज्या ठिकाणी वैमानिक उतरला, तेथील कालांतरे नोंदवून ठेवल्यास त्याच ठिकाणी तो पुष्कळच अचूकतेने परतू शकतो, कारण दोन्ही वेळा चूक जवळजवळ सारखीच राहते. जखमी सैनिकास आणण्यासाठी पुन्हा त्याच दरीत जावयाचे असेल, तर नकाशावरील अचूकतेपेक्षा ही पुनरावृत्तीची अचूकताच अधिक उपयोगी पडते.