गाडीतील कॅमेऱ्याचे मेमरी कार्ड : निवड आणि निगा



गाळप हंगाम सुरू झाला की आपल्या कार्यक्षेत्रातील ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि ट्रक रात्रंदिवस रस्त्यावर असतात. निफाड, दिंडोरी, सिन्नर या भागांतील शिवाररस्त्यांवरून निघालेल्या उसाला कोठे ना कोठे मुंबई-आग्रा महामार्ग किंवा नाशिक-पुणे रस्ता गाठावा वा ओलांडावा लागतो. पहाटेचे धुके, भरलेली ट्रॉली आणि मागून भरधाव येणारी वाहने असा तो प्रसंग असतो. दुर्दैवाने अपघात झालाच, तर जमलेल्या गर्दीत पहिला सूर निघतो तो असा : "उसाची ट्रॉली होती ना? मग चूक तिचीच." आपल्या ड्रायव्हरची बाजू सांगणारा तेथे बहुधा कोणी नसतो.

यावर उपाय म्हणून आपल्या बऱ्याच वाहनमालक सभासदांनी काचेमागे डॅशकॅम, म्हणजे रस्त्याचे सतत चित्रीकरण करणारा कॅमेरा, बसवून घेतला आहे. ही गोष्ट चांगलीच आहे. मात्र शेतकी खात्याकडे तोडणी-वाहतुकीच्या कामानिमित्त येणाऱ्या वाहनमालकांशी बोलताना आम्हांस एक बाब वारंवार आढळते. कॅमेरा घेताना माणूस चार दुकाने फिरतो, पण आतले मेमरी कार्ड मात्र दुकानदार देईल ते, नाहीतर घरातल्या जुन्या मोबाइलमधले घालतो. मग नेमक्या वेळी कार्ड काढून पाहावे, तर त्यात सहा महिन्यांपूर्वीचे चित्रण! "साहेब, लाइट तर रोज लागत होती की," असे ड्रायव्हर सांगतो, आणि ते खरेही असते. लाइट लागली म्हणजे कॅमेऱ्याला वीज मिळते, एवढेच कळते. चित्र कार्डावर उतरतेय की नाही, ते त्यावरून समजत नाही. म्हणून कार्ड कोणते घ्यावे आणि ते कसे सांभाळावे, याची माहिती सभासदांसाठी येथे देत आहोत.

कार्ड झिजते कसे?

कार्डात फिरणारा एकही भाग नाही, मग ते झिजेल कसे, असे कोणीही विचारील. या कार्डांत 'फ्लॅश' जातीची स्मृती असते. १९८० च्या दशकात जपानच्या तोशिबा कंपनीत फुजिओ मासुओका यांनी ती शोधून काढली. तिच्यात अतिसूक्ष्म अशा कोट्यवधी कप्प्या असतात. माहिती लिहायची म्हणजे त्या कप्पीत विजेचा भार एका पातळ पापुद्र्यातून ढकलायचा, आणि पुसायची म्हणजे तो परत बाहेर काढायचा. दर वेळी हा पापुद्रा थोडा थोडा खराब होतो. ठरावीक वेळा लिहून-पुसून झाले की ती कप्पी भार धरीनाशी होते.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा खोडव्याचा हिशेब आहे. एकाच लागणीवर पहिला, दुसरा, तिसरा खोडवा घेता येतो, पण कायम घेता येत नाही. मोबाइलमधल्या कार्डावर आपण लग्नाचे चार फोटो टाकतो आणि ते वर्षभर तसेच राहतात. त्या कार्डाची ती एकच लागण. डॅशकॅमचे तसे नाही. त्याचे कार्ड भरले की कॅमेरा सर्वांत जुने चित्रण पुसून त्या जागी नवे लिहितो, आणि गाडी चालू आहे तोवर हे चक्र थांबत नाही. म्हणून मोबाइलमध्ये वर्षानुवर्षे टिकलेले कार्ड कॅमेऱ्यात काही महिन्यांतच नादुरुस्त झाले, तर त्यात नवल नाही.

हिशेब मांडून पाहू

चांगल्या प्रतीचे, 'फुल एचडी' दर्जाचे चित्रण सेकंदाला सुमारे २६ मेगाबिट, म्हणजे सव्वातीन मेगाबाइट जागा घेते. तासाला ही जागा ११.७ जीबी होते. या हिशेबाने ३२ जीबीचे कार्ड सुमारे पावणेतीन तासांत, ६४ जीबीचे साडेपाच तासांच्या आसपास आणि १२८ जीबीचे अकरा तासांच्या आसपास भरते. कॅमेरा कमी दर्जावर ठेवला तर वेळ वाढतो. पुढचा आणि मागचा असे दोन कॅमेरे एकाच कार्डावर लिहीत असले तर तो निम्म्यावर येतो.

आता ट्रक दिवसाला १२ तास चालला असे धरा. रोज सुमारे १४० जीबी चित्रण लिहिले जाईल. म्हणजे ६४ जीबीचे कार्ड दिवसातून दोनदा पूर्ण पुसून पुन्हा भरले जाणार. हंगाम १२० दिवसांचा धरला तर १,४४० तासांचे चित्रीकरण होते, आणि तेही हंगामाबाहेरची वाहतूक न मोजता.

जमीन पाहून वाण, काम पाहून कार्ड

चोपण जमिनीत कोणता ऊस लावावा असे कोणी विचारले, तर आम्ही को ८६०३२ ऐवजी फुले २६५ चे नाव घेतो. को ८६०३२ वाईट आहे असे त्याचा अर्थ नाही. त्या जमिनीला दुसरा वाण अधिक मानवतो, इतकेच. कार्डाचेही तसेच. सतत लेखनासाठी वेगळी कार्डे बनविली जातात आणि त्यांच्या पाकिटावर 'एन्ड्युरन्स', म्हणजे टिकाऊपणा, हा शब्द ठळक छापलेला असतो. अशा कार्डावर किती तास चित्रीकरण होईल, हे उत्पादक स्वतः जाहीर करतो. कार्ड निवडताना पाहायची मुख्य गोष्ट हीच.

उदाहरणार्थ, सॅनडिस्कच्या 'हाय एन्ड्युरन्स' मालिकेतील ३२ जीबी कार्डासाठी २,५०० तास, ६४ साठी ५,००० आणि १२८ साठी १०,००० तास जाहीर केलेले आहेत. त्याच कंपनीच्या वरच्या 'मॅक्स एन्ड्युरन्स' मालिकेत ६४ जीबीला ३०,००० व १२८ जीबीला ६०,००० तास आहेत. सॅमसंगच्या 'प्रो एन्ड्युरन्स'च्या २०२२ सालच्या मालिकेत ६४ जीबीला ३५,०४० आणि १२८ जीबीला ७०,०८० तास सांगितले आहेत. हे सर्व आकडे वर दिलेल्या २६ मेगाबिटांच्या हिशेबाचे आहेत. कॅमेरा याहून बारीक चित्र घेणारा असेल तर तास कमी भरतात.

वरच्या आपल्या हिशेबाशी हे आकडे ताडून पाहा. हंगामाचे १,४४० तास धरले तर २,५०० तासांचे ३२ जीबी कार्ड दोन हंगामही पुरे करीत नाही. ५,००० तासांचे ६४ जीबी कार्ड जवळजवळ साडेतीन हंगाम जाते. यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. त्याच मालिकेत कार्डाचा आकार दुप्पट घेतला की आयुष्यही दुप्पट होते. एका विहिरीवरचा उपसा दोन विहिरींवर वाटला की प्रत्येकीवरचा ताण निम्मा होतो, त्यातलाच हा प्रकार.

खरेदीच्या वेळी पुढील गोष्टी पाहाव्यात :

(१) कॅमेऱ्याच्या माहितीपुस्तिकेत जास्तीत जास्त किती जीबीचे कार्ड चालते ते लिहिलेले असते. काही जुने कॅमेरे ३२ च्या वर घेत नाहीत. आधी ते पाहावे, मग दुकानात जावे.

(२) वेगाची खूण पाहावी. इंग्रजी 'यू' अक्षराच्या आत ३ चा आकडा, किंवा 'व्ही' अक्षरापुढे ३० असेल, तर ते कार्ड सेकंदाला किमान ३० मेगाबाइट वेगाने लिहिते. डॅशकॅमला इतका वेग भरपूर झाला. मात्र ही खूण वेगाची आहे, टिकाऊपणाची नव्हे. वेगवान कार्ड टिकाऊ असेलच असे नाही. याबाबत पुष्कळांची गफलत होते.

(३) वॉरंटीचा मजकूर वाचून घ्यावा. काही साध्या कार्डांच्या वॉरंटीत डॅशकॅमसारखा सततचा वापर स्पष्टपणे वगळलेला असतो. असे कार्ड कॅमेऱ्यात बिघडले तर बदलून मिळत नाही.

(४) पक्के बिल घ्यावे.

बनावट कार्ड ओळखणे

बेणे घेताना आपण प्रमाणित मळ्यातलेच घ्या असे सांगतो, कारण कांडीकडे नुसते पाहून वाण कळत नाही. कार्डाचेही तेच. बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाची बनावट कार्डे मिळतात. पाकीट हुबेहूब असते. आत प्रत्यक्षात ८ जीबीची जागा असते, पण कार्ड स्वतःला १२८ जीबीचे म्हणवते. कॅमेरा लिहीत राहतो, आणि खरी जागा संपली की पुढचे चित्रण वाया जाते. आणि कोठेही चूक दाखविली जात नाही, हे विशेष.

याची परीक्षा सोपी आहे. नवे कार्ड संगणकाला लावून शेवटच्या टोकापर्यंत भरावे आणि भरलेले सर्व परत वाचून ताडून पाहावे. हे काम करणारे 'एच-टू-टेस्ट-डब्ल्यू' आणि 'एफ-थ्री' असे विनामूल्य प्रोग्राम आहेत. कॉलेजात शिकणारा घरचा मुलगा किंवा मुलगी हे करून देईल. मोठ्या कार्डाला काही तास लागतात, पण ते कार्ड पुढे काही वर्षे वापरायचे आहे.

रोजची निगा

दर महिन्याला कार्ड कॅमेऱ्यातच 'फॉरमॅट' करावे. त्याआधी जपून ठेवण्याजोगे चित्रण दुसरीकडे उतरवून घ्यावे. फॉरमॅट केल्यावर सर्व जुने चित्रण जाते. ते करूनही जुने चित्रण तसेच दिसत असेल, तर कार्डाचे आयुष्य संपले असे समजावे. झिजलेली काही कार्डे नवे लिहून घेणे बंद करतात, पण जुने दाखवीत राहतात. सुरुवातीला सांगितलेले सहा महिन्यांपूर्वीचे चित्रण बरेचदा असेच राहिलेले असते.

आपल्या रस्त्यांच्या दृष्टीने एक बाब महत्त्वाची आहे. कॅमेऱ्यात धक्का ओळखणारा भाग असतो. जोराचा धक्का बसला की अपघात झाला असे समजून तो त्या वेळचे चित्रण कुलूपबंद करतो, म्हणजे ते पुसले जात नाही. डांबरी रस्त्यावर हे ठीक आहे. पण फडातून बाहेर निघताना, चारी ओलांडताना, गाडीरस्त्याच्या खड्ड्यांत ट्रॅक्टरला पावलोपावली धक्के बसतात. असे कुलूपबंद चित्रण साठत गेले की नव्या चित्रणाला जागा उरत नाही. म्हणून ट्रॅक्टरवरील कॅमेऱ्यात धक्क्याची संवेदनक्षमता 'लो' वर ठेवावी.

कॅमेरा चालू असताना कार्ड ओढून काढू नये. गाडी बंद केल्यावर कॅमेरा पूर्ण बंद होऊ द्यावा आणि मगच कार्डाला हात लावावा. लिहिणे अर्धवट तुटले तर शेवटची फाइल, आणि कधी कधी संपूर्ण कार्ड, खराब होते. गाडी काट्यापुढे रांगेत तासन्‌तास उभी असताना 'पार्किंग'चे चित्रीकरण चालू ठेवले तर तेही कार्डाच्या आयुष्यातून वजा होते. गरज नसेल तेथे ते बंद ठेवावे.

निफाडकडच्या थंडीची कार्डाला भीती नाही. या टिकाऊ कार्डांची मर्यादा शून्याखाली २५ अंशांपासून ८५ अंशांपर्यंत असते. भीती आहे ती उन्हाळ्याची. मे महिन्यात बंद केबिनमध्ये काचेमागे कॅमेरा बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो. हंगाम संपून गाडी उभी राहणार असेल तर कॅमेरा काढून सावलीत ठेवावा.

आणि आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, कालचे चित्रण उघडून पाहावे. तारीख व वेळ बरोबर आहे ना, पुढच्या वाहनाचा नंबर वाचता येतो ना, एवढे पाहिले तरी पुरे.

अपघात झाल्यास

जखमींना मदत आणि पोलिसांना खबर, हे पहिले. त्यानंतर कॅमेरा बंद करून कार्ड काढून घ्यावे. गाडी तशीच चालू राहिली तर ६४ जीबीच्या कार्डावरचे ते चित्रण, कुलूपबंद झाले नसल्यास, पाच-साडेपाच तासांत पुसले जाईल. कार्ड पाकिटात घालून वर तारीख, वेळ व गाडीचा नंबर लिहावा. त्या जागी कॅमेऱ्यात घालण्यासाठी दुसरे कार्ड गाडीत असावे.

मूळ कार्ड का जपायचे, यासाठी आपल्याच राज्यातील एक खटला सांगण्यासारखा आहे. जालना मतदारसंघाच्या २०१४ च्या विधानसभा निवडणुकीतील उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाले की काय, हा वाद निवडणूक अधिकाऱ्यांच्या कार्यालयातील चित्रीकरणावर येऊन ठेपला. हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १४ जुलै २०२० रोजी निकाल लागला. मूळ साधन मालकाने स्वतः साक्षीला उभे राहून हजर केले तर वेगळ्या प्रमाणपत्राची गरज नाही, परंतु नक्कल द्यायची तर कायद्याने सांगितलेले प्रमाणपत्र आवश्यकच, असे न्यायालयाने ठरविले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ मध्येही असे प्रमाणपत्र आहे. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने आणि दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असतो. म्हणून मोबाइलवर उतरवलेली नक्कल चार जणांना पाठवून मूळ कार्ड पुन्हा कॅमेऱ्यात घालू नये. पोलिसांना कार्ड दिल्यास पोच घ्यावी आणि पुढची पावले वकिलांच्या सल्ल्याने टाकावीत.

सभासदहो, कार्डाचा खर्च ट्रॅक्टरच्या एका टायरपुढे काहीच नाही. पण अपघाताचा दावा वर्षानुवर्षे चालतो, आणि खऱ्या-खोट्याचा निवाडा कधी कधी अर्ध्या मिनिटाच्या चित्रावर होतो. ड्रायव्हर आपल्या भरवशावर रात्री-अपरात्री स्टिअरिंगवर बसतो. त्याच्या बाजूने बोलणारी एवढी एक वस्तू गाडीत चालू स्थितीत असणे ही आपली जबाबदारी आहे. टायर, ब्रेक, ट्रॉलीमागचे रिफ्लेक्टर यांची तपासणी आपण हंगामापूर्वी करतोच. त्या यादीत यंदापासून मेमरी कार्डही लिहून घ्यावे, ही विनंती.

ऊस विकास अधिकारी,
शेतकी खाते