यंत्राचा ताप आणि वाऱ्याची वाट

गेल्या उन्हाळ्यांत धूळ बसूं नये म्हणून आम्हीं एका संगणकावर जाड कापडाची खोळ घातली आणि यंत्र सुरू केल्यावर ती काढण्यास विसरलों. थोड्याच वेळांत यंत्र आपण होऊन बंद पडलें. दोष यंत्राचा नव्हता.

संगणक जितकी वीज घेतो, तितकी जवळजवळ सर्व शेवटीं उष्णतेच्या रूपानें बाहेर टाकतो. विजेची शेगडीच म्हणाना! १९४६ सालीं अमेरिकेंत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांत जगापुढें आलेल्या एनिअ‍ॅक यंत्रांत सुमारें १८,००० निर्वात नलिका होत्या व त्यास सुमारें १५० किलोवॅट वीज लागे. ती उष्णता काढण्यासाठीं मोठाले पंखे होते. १९८५ सालच्या क्रे-२ यंत्राचे अंतर्भाग तर वीज वाहून न नेणाऱ्या द्रवांत बुडवून ठेवीत.

उष्णता नाहींशी करतां येत नाहीं, फक्त दुसरीकडे नेतां येते. म्हणून नुसता जोराचा वारा पुरत नाहीं. त्यास वाट द्यावी लागते. मोठ्या संगणकगृहांत यंत्रांच्या रांगा समोरासमोर तोंडें करून उभ्या करितात. मधल्या वाटेंत थंड हवा सोडतात. ती यंत्रांच्या तोंडांतून शिरते आणि तापून पाठीमागच्या वाटेंत निघते. मध्यें कोठें फट राहिली, कीं तीच गरम हवा वळून पुन्हां यंत्राच्या तोंडाशीं येते! ह्याकरितां रिकामे खणही झांकणें लावून बुजवितात. हें साधें झांकण आम्हांस मोठमोठ्या शोधांहून अधिक कौतुकाचें वाटतें.

पंख्याचेंही एक गणित आहे. त्याचा वेग दुप्पट केला तर हवा दुप्पट मिळते, पण वीज आठपट लागते. म्हणून यंत्रांतील उष्णतामापक सांगेल तितकाच पंखा फिरवितात.

तेवढ्यानेंही भागलें नाहीं तर काम कमी करावें लागतें. मोठ्या संगणकगृहांत तापलेल्या यंत्राचें काम दुसऱ्या थंड यंत्राकडे सोंपवितां येतें. एकच यंत्र असेल, तर प्रोसेसर ज्या ठोक्यांवर चालतो त्यांचा वेग व विजेचा दाब हीं दोन्हीं उतरवितात. दोन्हीं एकपंचमांशानें कमी केलीं, तर कामाचा वेग एकपंचमांशानेंच घटतो, पण त्या कामापासून होणारी उष्णता स्थूलमानानें निम्म्यावर येते.

आमचें यंत्रही बंद पडण्यापूर्वीं असेंच मंदावलें होतें. "सर, आज हें फार हळू चालतें आहे," असें मुलें दोनदां म्हणालीं. आणि आम्हीं त्यांसच गप्प बसविलें.