मोठ्या दाबाच्या विजेपासून धन-ऋण पुरवठा

परंड्यांतील एखाद्या मंदिरांत सायंकाळीं भजन सुरू होतें, तेव्हां पेटी-मृदंगाच्या नादाला ध्वनिवर्धकाची जोड असते. हा ध्वनिवर्धक भिंतीवरील जोडणींतून २३० व्होल्टांची वीज घेतो. परंतु त्याच्या पोटांतील नाजूक भागांना एवढा दाब सोसत नाहीं. पुष्कळ रचनांत त्यांना हवे असतात अवघे पंधरा व्होल्ट, आणि तेही दोन प्रकारचे: शून्याच्या वर पंधरा व शून्याच्या खालीं पंधरा. मोठ्या दाबांतून ही धन-ऋण जोडी काढून देणारी पेटी कशी रचतात, आणि ती लहान करतांना कोठें थांबावें, हें सुशिक्षित गृहस्थानें जाणून घेणें अगत्याचें आहे. कारण त्या थांबण्यावर माणसाचा जीव अवलंबून असतो.

प्रथम दुहेरी पुरवठा कशाला, तें पाहूं. ध्वनि म्हणजे हवेच्या दाबाचें आंदोलन. मायक्रोफोनमध्यें उत्पन्न होणारा दाबही झोपाळ्याप्रमाणें शून्याच्या दोन्ही अंगांस हेलकावतो. झोपाळ्याच्या मागें लगत भिंत उभी केली तर तो पुढें जाईल, पण मागें येऊं शकणार नाहीं. केवळ धन दाब पुरविलेल्या ध्वनिवर्धकाची गत तशीच होते. मग शून्यच कृत्रिम रीतीनें वर उचलून मधोमध बांधावें लागतें. धन व ऋण असे दोन्ही दाब दिल्यास झोपाळ्याला दोन्हीकडे मोकळी जागा मिळते.

ही कल्पना नवी नाहीं. बॅटरीवर चालणाऱ्या जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओंत ‘बी’ बॅटरी पट्टिकेला धन दाब देई, आणि ‘सी’ बॅटरी जाळीला ऋण दाब देई. महाराष्ट्रांतच तिचें प्रचंड रूपही आहे. चंद्रपूरहून पडघ्यापर्यंत सुमारें ७५० किलोमीटर जाणारी विद्युत्-वाहिनी १९९९ सालीं सुरू झाली. तिचा एक ध्रुव जमिनीच्या मानानें ५ लक्ष व्होल्ट धन, तर दुसरा तितकाच ऋण असतो. धन आणि ऋण हे सापेक्ष शब्द आहेत. जमिनीच्या पातळीला शून्य म्हटलें म्हणजे माडी वर आणि तळघर खालीं ठरतें. तसेंच येथेंही कोणता बिंदु शून्य मानला, यावर सर्व कांहीं ठरतें.

आतां घरच्या विजेकडे वळूं. २३० हा उलटसुलट प्रवाहाच्या दाबाचा परिणामकारी आंकडा. त्याचें शिखर ३२५ व्होल्टांवर पोहोंचतें. रेक्टिफायरनें प्रवाहाची दिशा एक करून तो कंडेन्सरांत सांठविला, कीं हातीं सुमारें ३२५ व्होल्टांचा एकदिश दाब येतो. त्यांतून पंधरा कसे काढावयाचे? अगदीं सोपा मार्ग म्हणजे मध्यें एक रोधक घालून उरलेले ३१० व्होल्ट त्यावर पाडणें. प्रवाह एक दशांश अँपियर धरला तर उपयोगीं पडणारी शक्ति दीड वॅट, आणि उष्णतेंत वाया जाणारी एकतीस वॅट! शिवाय यांत भिंतीवरील वीज आणि माणसाचा हात यांमध्यें कोणताच आडपडदा राहत नाहीं.

दुसरा मार्ग लोखंडी गाभ्याच्या रोहित्राचा. त्याच्या दुय्यम वेटोळ्याचे दोन समान भाग करून मधला सांधा हें शून्य ठरवितात. दोन टोंकें पंधरा-पंधरा व्होल्ट देतात. रेक्टिफायर व कंडेन्सर यांतून गेल्यावर त्यांचे वीस-वीस एकदिश व्होल्ट होतात. पुढें धन बाजूला ७८१५ आणि ऋण बाजूला ७९१५ या क्रमांकाचे नियामक बसविले, कीं काम झालें. प्रवाह दोन दशांश अँपियर असला तर प्रत्येक नियामक केवळ एक वॅट उष्णता बाहेर टाकतो. ही रचना भरंवशाची आहे. दोष एकच, रोहित्र जड आणि अवजड असतें.

तें जड कां? घरची वीज सेकंदाला पन्नासच आवर्तनें करते. संथ गतीमुळें प्रत्येक खेपेस गाभ्याला पुष्कळ चुंबकत्व पेलावें लागतें. विहिरीवरची मोट एका खेपेंत पुष्कळ पाणी काढते, म्हणून ती मोठी. रहाटगाडग्याचीं गाडगीं लहान, पण एकामागून एक भराभर येतात, म्हणून पाणी तितकेंच निघतें. तिसऱ्या मार्गांत हीच युक्ति योजतात. ३२५ व्होल्टांचा एकदिश दाब एक अर्धवाहक खटका सेकंदाला लाखभर वेळां जोडतो आणि तोडतो. आवर्तनें दोन हजार पट झालीं. येथें वापरावयाचा फेराइटचा गाभा पोलादापेक्षां बराच कमी चुंबकत्व पेलतो खरा, तरीही वेढे आणि गाभ्याचें क्षेत्रफळ यांचा गुणाकार शेकडो पटींनीं उतरतो. मुठीएवढ्या रोहित्राचें काम सुपारीएवढें रोहित्र करूं लागतें. त्यावर दोन समान दुय्यम वेटोळीं गुंडाळून एकाचें धन टोंक आणि दुसऱ्याचें ऋण टोंक शून्याला जोडलें, कीं धन-ऋण जोडी तयार होते.

येथें दोन अडचणी संभवतात. नियमन करणारा भाग सामान्यतः एकाच बाजूवर नजर ठेवतो. दोन्ही बाजूंवरील भार विषम झाला, कीं दुसरी बाजू पंधरापासून ढळते. म्हणून वेटोळीं एकमेकांलगत गुंडाळतात, आणि जेथें अचूकपणा हवा तेथें प्रत्येक बाजूस लहान नियामक जोडतात. दुसरें असें, कीं खटका तुटतांना त्यावर ३२५ व्होल्टांखेरीज रोहित्राचा उलट दाब आणि क्षणिक उसळीही येते. त्यामुळें सहाशें-सातशें व्होल्ट सोसणारा खटका निवडावा लागतो.

परंतु सर्वांत मोठी कसोटी निराळीच आहे. जुन्या ‘एसी-डीसी’ रेडिओंत रोहित्र नसे. आंतील धातूचा सांगाडा विजेच्या एका तारेस थेट जोडलेला असे, आणि प्लग उलटा बसल्यास तो सांगाडाच जिवंत होई. जागेचा लोभ धरून आजही तसेंच करतां येतें, पण तें करूं नये. रोहित्राच्या दोन वेटोळ्यांमध्यें पुरेसें विद्युत्-रोधन, आणि पट्टीवर मोठ्या दाबाच्या व लहान दाबाच्या भागांमध्यें सामान्यतः सहा ते आठ मिलिमीटर अंतर राखावें लागतें. आवर्तनें वाढवून गाभा लहान होतो; हें अंतर मात्र कशानेंही लहान होत नाहीं, कारण २३० व्होल्ट मोठ्या पेटींत जितके घातक, तितकेच चिमुकल्या पेटींतही असतात. आंतील कंडेन्सर तर प्लग काढल्यावरही कांहीं काळ भरलेला राहूं शकतो. त्यास रिता करणारा रोधक शेजारीं असावाच लागतो.

म्हणून अशी पेटी विकत घेतांना केवळ तिचा लहानपणा पाहूं नये. संगणक आणि ऑडिओ-व्हिडिओ उपकरणांच्या अडॅप्टरांना भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. ती खूण पाहूनच वस्तु घ्यावी. जिज्ञासूनें स्वतः रचावयाचें ठरविल्यास आरंभ लोखंडी रोहित्रानें करावा, आणि ३२५ व्होल्टांची रचना जाणत्या माणसाच्या देखरेखीवांचून उघडूं नये. पेटी हवी तितकी लहान व्हावी. वीज आणि हात यांतील अंतर मात्र जसेंच्या तसें राहावें.