साबुदाण्याचा धंदा आणि आमची पांढरेपणाची हांव

एकादशी जवळ आली कीं किराणा दुकानांतून साबुदाण्याचीं पोतीं भराभर रिकामीं होऊं लागतात. उपवासाच्या बाबतींत आम्ही शुद्धाशुद्धतेचा एवढा बाऊ करतों; पण हा पदार्थ कोठें तयार होतो, कसा तयार होतो, आणि तो करणारास त्यांत काय उरतें, याची विचारपूस करणारा गृहस्थ शंभरांत एक तरी निघेल काय? अलीकडे कांहीं तरुण नोकरीची वाट पाहत न बसतां असा लहानसा कारखाना घालण्याच्या विचारांत असतात. त्यांच्यासाठीं, आणि त्यांचा माल विकणाऱ्या व्यापाऱ्यांसाठींही, दोन शब्द लिहिणें आम्हांस अवश्य वाटतें.

साबुदाणा हें कोणत्याही धान्याचें बीज नव्हे. तो कसाव्याच्या कंदांतील सत्त्वापासून करितात. कसावा मूळचा दक्षिण अमेरिकेंतील. पोर्तुगीजांनीं तो मलबारांत आणिला, आणि एकोणिसाव्या शतकांत त्रावणकोरचे महाराज विशाखम् तिरुनाळ यांनीं त्याच्या लागवडीस उत्तेजन दिलें. दुसऱ्या महायुद्धांत पूर्वेकडील बेटांतून येणारा माल बंद पडला. त्या संधीचा फायदा घेऊन १९४३ च्या सुमारास सालेमचे व्यापारी माणिक्कम चेट्टियार यांनीं, मलायांतील या धंद्याची माहिती असलेल्या पोपटलाल शहा यांच्या साह्यानें, अगदीं साध्या साधनांनीं साबुदाणा करण्यास आरंभ केला. आज सालेम जिल्हा व त्याचा आसमंत हें या धंद्याचें माहेरघर आहे, आणि तेथील मालाचें मोठें गिऱ्हाईक महाराष्ट्र आहे.

कृति दिसावयास सोपी आहे. कंद धुऊन सोलावा, यंत्रांत किसावा, किसांत पाणी घालून तो चाळणींतून गाळावा, आणि तें दुधाळ पाणी हौदांत निवळत ठेवावें. तळीं जें सत्त्व बसतें तें ओलसर असतांनाच फोडून, हेलकावे देऊन त्याचे दाणे वळवितात, दाणे तापलेल्या तव्यांवर भाजतात आणि उन्हांत वाळवितात. चोथा गुरांच्या खाद्यास जातो. कापडाच्या गिरण्यांना खळीसाठीं लागणारें स्टार्चही याच सत्त्वाचें होतें.

परंतु जो केवळ यंत्राची किंमत विचारून धंद्यांत पडेल तो फसेल. पहिला हिशेब कंदाचा आहे. एक किलो साबुदाण्यास चार ते पांच किलो कंद लागतो. म्हणजे कंदाचा भाव एक रुपया चढला कीं मालाचा खर्च चार-पांच रुपयांनीं चढतो. सगळे कंदही सारखे नसतात. त्यांतील स्टार्चचें प्रमाण पाहून भाव ठरविण्याची सालेमकडे वहिवाट आहे; तें न पाहतां केवळ वजनावर खरेदी करणारा पाण्याचे पैसे मोजतो. दुसरा हिशेब वेळेचा. उपटलेला कंद दोन-तीन दिवसांत आंतून काळपट पडूं लागतो, म्हणून शेत कारखान्याच्या दाराशीं असावें लागतें. पीक तयार होण्यास आठ-दहा महिने लागतात आणि गाळपाचा हंगाम ठराविक असतो. पण कर्जाचें व्याज मात्र बारा महिने चालतें. तिसरा हिशेब पाण्याचा. स्वच्छ पाणी मुबलक पाहिजे, आणि वापरलेल्या पाण्याची सोयही पाहिजे. कसाव्यांत निसर्गतःच विषारी द्रव्य असतें. धुणें, निवळणें व भाजणें यांनीं तें मालांतून बहुतेक निघून जातें, पण सांडपाण्यांत उतरतें. तें पाणी ओढ्यांत सोडून जो नफा मिळवितो, तो शेजाऱ्याच्या विहिरीवर आपला संसार चालवितो, असेंच म्हणावें लागेल.

चौथा प्रश्न विक्रीचा. लहान कारखानदाराजवळ वखार नसते व थांबण्यापुरतें भांडवल नसतें; म्हणून दलाल सांगेल त्या भावास त्याला माल द्यावा लागे. यावर सालेमच्या कारखानदारांनीं १९८१ सालीं आपली सहकारी संस्था उभारली. संस्थेच्या वखारींत माल ठेवावा, त्यावर उचल घ्यावी, आणि माल तपासून निविदांनीं विकला जावा, अशी ही व्यवस्था. एकट्यास जें साधलें नाहीं तें मिळून साधलें. सालेमच्या साबुदाण्यास २०२३ सालीं भौगोलिक मानांकनही मिळालें.

आतां आमच्या व्यापाऱ्यांस एक स्पष्ट प्रश्न विचारतों. पोतें उघडून तुम्ही प्रथम काय पाहतां? पांढरेपणा! ताजा कंद, नीट सोललेली साल आणि निर्मळ पाणी असेल तर माल शुभ्रच होतो. पण बर्फासारखा नाहीं. तुम्हांस बर्फ हवें असतें. मग कारखानदार रसायनाची बाटली जवळ करितो. रसायनांनीं रंग उडविल्याचे आणि मक्याचें स्टार्च मिसळल्याचे प्रकार तपासणींत उघडकीस आलेले आहेत. दोष केवळ करणाराचा काय? जो प्रामाणिक मालास मळकट म्हणून चार रुपये कमी देतो, त्याच्या हातास ते डाग लागत नाहींत काय? गिऱ्हाइकाला हेंच लागतें, ही सबब पुरेशी नाहीं. गिऱ्हाइकाचा डोळा दुकानदारानेंच घडविलेला असतो.

तरुणांस आमचें सांगणें इतकेंच कीं, आधीं शेतकऱ्यांशीं करार करा, मग यंत्र घ्या. आधीं सांडपाण्याचा खड्डा आंखा, मग हौद बांधा. आणि शक्य तर पांच-दहा जण मिळून उतरा. भांडवल थोडें असेल तर एकदम साबुदाण्यावर उडी न घालतां काचऱ्या वाळवून पीठ करण्यापासून आरंभ करा. त्याला हौद, तवे कांहींच लागत नाहींत. मात्र कंद कडू जातीचा नाहीं, याची खात्री आधीं करून घ्या. आणि व्यापाऱ्यांस सांगणें हें कीं, पुढच्या एकादशीस किंचित् पिवळसर, पण सचोटीचा माल दुकानाच्या पुढच्या रांगेंत ठेवून त्याला रास्त भाव द्या. उपवासाचें पुण्य खाणारास मिळो वा न मिळो. त्या दिवशीं एका लहान कारखान्याची चूल रसायनावांचून पेटेल, एवढें पुण्य तरी निश्चित आहे.