पिकअपला मोठे टायर टाकताय? आधी मोबाइलवर हा हिशोब करा

ओतूरहून कांदा भरून माळशेज घाटाने कल्याणला उतरणाऱ्या पिकअपला मोठे टायर टाकावेत का? आमच्या गाडीसाठी मी सरळ मोबाइलचा कॅल्क्युलेटर उघडला.

टायरवर २१५/७५ आर १५ लिहिलंय. म्हणजे रुंदी २१५ मिमी, बाजूची उंची रुंदीच्या ७५ टक्के, रिम १५ इंची. पूर्ण व्यास ७०३.५ मिमी. त्याच रिमवर २३५/७५ टाकला तर ७३३.५. वाढ सव्वाचार टक्के, पण गाडी उचलली जाते फक्त १५ मिमी! एक्सलच्या खाली अर्धाच व्यास येतो ना.

स्पीडोमीटर चाकाचे फेरे मोजतो. आधी बरोबर असलेला काटा ६० दाखवेल, तेव्हा गाडी ६२.५ ने पळत असेल. (जीपीएस ॲपवर ताडून बघा, मोबाइल मात्र शेजारच्याच्या हातात द्या.) खरी भीती उताराची. चाक मोठं झालं की तेवढ्याच ब्रेकचा जोर रस्त्यावर कमी पडतो, आणि गिअरमधलं इंजिनही गाडीला कमी रोखतं. आपण तर घाट उतरतो तेच माल भरून.

मापापुढचा लोड इंडेक्सही वाचा. १०० म्हणजे एका टायरवर ८०० किलो. कंपनीने दिलेल्यापेक्षा तो कमी असेल, तर टायर कितीही रुबाबदार दिसो, घेऊ नका.

मी मूळ मापाचेच टाकले.